लीनाची घागर

एप्रिल महिन्यात ऐंशीला टेकलेल्या सासूला घेऊन नंदुरबारला जाऊ नये, हे सांगायला मला कुणी नको होतं. तरी सगळ्यांनी सांगितलं. सासूबाईंच्या डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या नवऱ्याने सांगितलं, आणि कराडहून माझ्या आईने फोनवर, "तुला वेड लागलंय का गं?" असं स्पष्टच विचारलं. सासूबाईंनी मात्र कुणालाच काही विचारलं नव्हतं. त्यांनी सरळ तिकिटं काढली होती.

माझ्या सासूबाई स्वीडनच्या, नाव इंग्रिड. तिकडे सून सासूला नावाने हाक मारते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझी जीभ तिथे अडखळते, म्हणून मी 'इंग्रिडआई' म्हणते. मराठीत इंग्रिडला असंच म्हणत असावेत, अशी त्यांची समजूत आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.

त्यांची आई जन्मली ती खानदेशात. आजी-आजोबा तिथे मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर होते. थंडीच्या दिवसांत बैलगाडीत तंबू आणि औषधं घालून ते गावोगाव फिरत, मुलींनाही बरोबर नेत. अशाच एका मुक्कामात आईची धाकटी बहीण लीना तापाने गेली. तंबूशेजारच्या शेतात तिला पुरलं, वर दगड बसवला. काही वर्षांनी कुटुंब मायदेशी परतलं. लीना तिथेच राहिली. "लीना तिकडे एकटी आहे," असं इंग्रिडआईंची आई शेवटपर्यंत म्हणायची. तिच्या स्वतःच्या थडग्यावरच्या दगडात तिने खाली जागा कोरी सोडायला लावली होती. ती लीनाच्या नावासाठी.

इंग्रिडआईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी लीनाच्या कबरीवरची माती आणून आईच्या थडग्यात घालायची आणि त्या कोऱ्या जागेत नाव कोरायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यासाठी त्यांनी एक लाकडी डबी आणली होती, आईची शिवणाची. माझ्या पर्समध्ये त्यांच्या गोळ्या, साखर-मिठाची पाकिटं आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं. शिवाय मी होते, कारण मराठी माझी मातृभाषा. जेवणाच्या टेबलावर मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

नंदुरबार

तोरा स्टेशनच्या बाहेरच उतरला. पहाट होती तरी वारा गरम होता, आणि आजूबाजूची माणसं जी खानदेशी बोली बोलत होती त्यातलं मला निम्मंच कळत होतं. 'शे' काय, 'ऱ्हायना' काय, 'कोठे जाणं शे' काय! इंग्रिडआईंनी विश्वासाने विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "रिक्षा हवी का विचारतायत." खरं तर तो माणूस बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होता.

गाडी आणि चालक लॉजवाल्याने मिळवून दिले. सलीमभाई नंदुरबारचेच. घरचा बेकरीचा धंदा भाऊ बघतो, हे गाडी चालवतात. मागचं दार उघडून त्यांनी आधी इंग्रिडआईंच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, या मायले ऊनमा जास्ती फिराडू नका. पाय सुजेल शेतस."

पाय सुजलेले मीही पाहिले होते, पण विमानामुळे असतील असं स्वतःला पटवलं होतं. आता परक्या माणसालाही ते दिसतायत म्हटल्यावर मी लगेच यंत्र काढलं. इंग्रिडआईंनी बोट निमूटपणे पुढे केलं आणि खिडकीबाहेरच्या म्हशी बघत राहिल्या. आकडा ठीक होता. मी पुन्हा मोजला.

दुपारी जेवायला शेवभाजी आली, वर लाल तर्री. मी ती सरकवून ठेवून दहीभात सांगितला. दहीभात येईपर्यंत इंग्रिडआईंनी भाकरीचा तुकडा तर्रीत बुडवला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. मी उभी राहिले, पाणी, साखर, रुमाल, सगळं एकदम मागितलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि वाढणाऱ्याकडे बघून वाटी पुढे केली. त्यांना आणखी हवी होती.

खापर

आमच्याकडे माहिती अगदी तुटपुंजी होती. एक फोटो, त्यात सपाट शेत, एक निंब, दगड आणि मागे डोंगराची रांग. शिवाय इंग्रिडआईंच्या आईने सांगितलेलं एवढंच, की डोंगर उत्तरेला होता आणि बाजाराला खापरला जायचे. म्हणून आम्ही आधी खापर गाठलं.

बाजारात फोटो हातोहात फिरला. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे बोलण्यात गुजरातीही मिसळलेली. एकजण ठामपणे म्हणाला, इंग्रजी अक्षरांचा दगड रस्त्याकडेला आहे, गोऱ्या साहेबाचाच. सलीमभाई साशंक होते, पण इंग्रिडआईंनी 'दगड' शब्द ओळखला होता. त्यांनी बाजारातून झेंडूची फुलं घेतली. गवतात अर्धा गाडलेला दगड खरंच होता. इंग्रिडआई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसल्या, फुलं ठेवली, डोळे मिटले. मी वाकून गवत बाजूला केलं. दगडावर एक आकडा होता आणि बाणाची खूण. कुठल्या तरी जुन्या मोजणीचा दगड.

हे त्यांना कसं सांगायचं? मी तिथे उभी राहून वाक्यं जुळवत होते. त्यांनी डोळे उघडले, आकडा वाचला आणि हसू लागल्या. हसता हसता धाप लागली. त्या हसत होत्या आणि मी नाडी शोधत होते.

"फुलं राहू देत," त्या म्हणाल्या. "यालाही कुणी विचारत नसेल."

दुसऱ्या दिवशी, बाजारात कुणीतरी सुचवलं म्हणून, मोलगीच्या बाजूला घाट चढून गेलो. डोंगरात खडकाखडकांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या, आमचूरसाठी. हवेला आंबट वास होता. एका आजीने इंग्रिडआईंच्या तळहातावर वाळलेली फोड ठेवली आणि त्यांचं तोंड वाकडं झालेलं बघून मनसोक्त हसली. पण कबरीचं नाव कुणी काढलं नाही. फोटोतलं शेत सपाट, आणि इथे सपाट जमीन औषधालाही नव्हती. उतरताना नवऱ्याचा फोन आला, "आई कशी आहे?" मी म्हटलं, "मजेत." रिकामी डबी इंग्रिडआईंच्या मांडीवर होती.

खाली चहाला थांबलो तेव्हा सलीमभाईंनी फोटो पुन्हा मागून घेतला, लांब धरून पाहिला आणि एकदम म्हणाले, "ताई, 'गोरीनं वावर' नावनं एक वावर शे. तळोदाकडे. मन्हा बाप तठे गावमा टोस्ट-खारी लई जाये. आम्हीन लहानपणी इचारूत, गोरी कोन? तो म्हने, कोन जाने."

वावर म्हणजे शेत, हे मला कळलं. गावोगाव शेतांना नावं असतात, तेही माहीत होतं. इंग्रिडआईंना मी फक्त एवढंच सांगितलं, की उद्या एका ठिकाणी विचारून बघू. पुन्हा झेंडूची फुलं विकत घ्यायची माझी हिंमत नव्हती.

गोरीनं वावर

गावाचं नाव लिहीत नाही, कारण तसं वचन दिलंय. वावर ज्यांचं त्या पाटलांचं घर, ओसरीवर खाट. हिरालालभाऊ पाटील पन्नाशी उलटलेले, शाळेत शिक्षक. गोरी बाई गाडीतून उतरताना पाहून ते जागचे उठले, पण चेहरा आवळलेला. शुद्ध मराठीत त्यांनी विचारलं, "कुठल्या खात्याकडून आलात?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जमिनीचं काही नाही ना? दावा वगैरे?" मी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं, आणि माझ्याच आवाजावरून मला वाटलं की आपण खोटं बोलतोय.

आतून त्यांची आई आली. केसरमाय. इंग्रिडआईंच्याच वयाची, पण काटक, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिने इंग्रिडआईंना खालून वर पाहिलं.

"बठ व माय, बठ. कोठून उनी व तू?"

इंग्रिडआई खाटेवर बसल्या आणि तिला फोटो दिला. केसरमायने तो डोळ्यांजवळ नेला. मग चप्पल पायांत सरकवून ती वावराकडे चालायला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं. मी छत्री उघडली, पण त्या दोघी पुढे निघून गेल्या आणि छत्री माझ्याच डोक्यावर राहिली.

वावर नांगरून ठेवलेलं, काळी ढेकळं, मध्ये मध्ये भेगा. उत्तरेला सातपुडा. बांधावर निंब, आणि निंबाखाली तो दगड. मी लांबूनच पाहिलं, दगड शेंदराने लालभडक होता. समोर नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या, बांगड्यांचे तुकडे. अक्षरं झिजून गेलेली. इंग्रिडआई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांच्या मावशीच्या कबरीचा देव झाला होता. आता हे कसं समजावू?

त्यांनी दगडावर हात ठेवला. बोटांना लागलेला शेंदूर पाहिला.

"हा रंग ताजा आहे," त्या म्हणाल्या. "विचार, कोण लावतं?"

विचारल्यावर केसरमाय म्हणाली, तीच लावते. आधी तिची सासू लावायची. स्वीडनमध्ये नोव्हेंबरात लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, सबंध स्मशान उजळतं. इंग्रिडआईंनी मला आठवण करून दिली, की कुणी नसलेल्या थडग्यांवर त्याही दर वर्षी एक मेणबत्ती ठेवतात. मग त्यांनी डबी उघडली, चमचा काढला आणि दगडाच्या पायथ्याची माती भरू लागल्या. त्या रडत होत्या. मलाही हुंदका आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी छाती मोकळी झाली.

तेवढ्यात केसरमायने माझा दंड धरला.

"तठली माती काबर लई ऱ्हायनी ती? पोर तठे नही."

हिरालालभाऊ झटकन म्हणाले, "माय, तू गुपचूप बठ."

पण ती बसली नाही. हलक्या आवाजात बोलत राहिली आणि या वेळी मला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. दगड पूर्वी वावराच्या मध्यावर होता. नांगराला आडवा यायचा. "मन्हा सासरानी दगड बांधवर सरकाडा. त्याच साले मन्ही ननंद गयी. तापमा. सासू म्हने, आपण त्या पोरनं ठिकानं मोडं, आते तिले आपलंच घर." तेव्हापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरच्या पितरांच्या घागरींबरोबर तिचीही एक घागर भरतात. "आखाजीले समद्या पोरी माहेरले येतस. तिले कोन शे?"

म्हणजे दगडाखाली लीना नव्हती. त्या ढेकळांत कुठेतरी होती. मध्ये एकदा विहीर खणली, एकदा बांध हलला, नेमकी जागा कुणालाच ठाऊक नव्हती.

"काय म्हणते ती?" इंग्रिडआईंनी विचारलं. डबी भरली होती. चेहरा असा शांत झाला होता, की तसा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मला डॉक्टर आठवले, सुजलेले पाय आठवले, नवऱ्याचा फोन आठवला.

"म्हणते, उद्या सण आहे," मी म्हटलं. "जेवायला या."

केसरमायला स्वीडिश येत नाही. तरी तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान वळवली. निघताना जेवायचं आमंत्रण मात्र तिने खरंच दिलं.

आखाजी

लॉजवर ती डबी टेबलावर होती. इंग्रिडआईंना गाढ झोप लागली आणि मी त्या डबीकडे बघत कूस बदलत राहिले. बांधावरची माती लीनाची म्हणून स्वीडनला जाणार, थडग्यात पडणार, वर नाव कोरलं जाणार, आणि जन्मभर मला एकटीला ते माहीत असणार. सांगावं तर त्यांचं काळीज सोसेल का? न सांगावं तर माझं सोसेल का? सकाळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू आजारी आहेस का?" यंत्र घेऊन त्यांनी माझंच बोट त्यात घातलं.

सलीमभाई सणाच्या दिवशीही आले, वर बेकरीतली नानकटाई घेऊन. पाटलांच्या दारी गाडी थांबली तेव्हा आत मातीच्या खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. उपड्या खापरावर त्या हाताएवढ्या लांब पोळ्या पसरताना बघून आमच्या कराडकडची पुरणपोळी मला एकदम चिल्लर वाटली. माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झोक्यावर गात होत्या. केसरमाय हात पुसत बाहेर आली. तिने आधी मला विचारलं.

"सांगं का तिले?"

सांगितलं नव्हतं. मी नकाराची मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केसरमाय चुकचुकली, तिने इंग्रिडआईंच्या हातातली डबी घेतली, त्यांचा हात धरला आणि दोघी वावराकडे निघाल्या. मी मागून पळत होते. हाका मारत होते. नक्की कुणाला, ते मलाच ठाऊक नव्हतं.

दगडाशी पोचल्यावर केसरमायने दगडावर हात ठेवला आणि मान जोरात हलवली. नाही. मग दोन्ही हातांनी दगड ढकलल्याची खूण केली, वावराच्या मध्यापासून बांधापर्यंत. मग नांगर धरल्याची. मग तळहात सगळ्या वावरावरून फिरवला. इंग्रिडआई खिळल्यासारख्या बघत होत्या. एका क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मी धावत जाऊन त्यांची कंबर धरली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"कालपासून," मी म्हटलं. "मला भीती वाटली."

मी त्यांचा श्वास ऐकत होते. तो लागत होता, पण तुटत नव्हता.

"यापुढे सगळं सांगायचं," त्या म्हणाल्या. "मला झेपेल की नाही, ते मी ठरवीन. आता तिला विचार, लीना कुठे आहे?"

मी विचारलं. केसरमाय खाली वाकली, एक ढेकूळ उचललं, चुरलं.

"ती कोठे शे, कोनलेच माहीत नही. आखं वावर तिन्हंच शे."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. इंग्रिडआईंनी केसरमायकडून डबी घेतली आणि उलटी करून बांधावरची माती बांधाला परत दिली. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून ढेकळांतून चालत गेल्या, ठेचकाळत, थांबत. इथून एक चिमूट, तिथून एक चिमूट. विहिरीजवळची, पलीकडच्या कोपऱ्यातली. मी छत्री धरून मागे मागे. ऊन भयंकर होतं आणि मी एकदाही नाडी तपासली नाही. हिरालालभाऊ बांधावर उभे होते. थोड्या वेळाने तेही चपला काढून आत आले आणि वावराच्या ऐन मध्यावर उभे राहून म्हणाले, "इथली पण घ्या. आजोबा सांगायचे, साधारण इथे."

घरी परतलो तेव्हा घागरी मांडून ठेवल्या होत्या. नव्या मातीच्या, पाण्याने भरलेल्या, प्रत्येकीवर खरबूज आणि त्यावर गोड सांजोरी. शेवटी एक लहान घागर. हिरालालभाऊंनी निखाऱ्यावर तूप आणि घास घालत एकेका पितराचं नाव घेतलं, आजोबा, आजी, वडील, तापाने गेलेली आत्या. लहान घागरीपाशी ते बाजूला झाले. तिथे घरातली बाई बसते, केसरमायच्या सासूपासून.

केसरमाय बसली. हात जोडले आणि थांबली. इतकी वर्षं ती नुसतं 'गोरी पोर' म्हणत आली होती. तिने वळून विचारलं, "नाव काय व्हतं व तिन्हं?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. पण इंग्रिडआई केव्हाच तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, सुजलेले पाय कसेबसे दुमडून.

"लीना," त्या म्हणाल्या.

"लीना," केसरमायने म्हणून पाहिलं. मग हातात पाणी घेऊन घागरीपुढे सोडलं. "लीना, पानी पी ले, माय. तुन्ही भाची उनी."

"काय म्हणाली?" इंग्रिडआईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं.